तेल आहे, परवडेल का?

काळ्या पाषाणाच्या थरांवर वसलेल्या वर्धा जिल्ह्यात तेलासाठी विहीर खणायला कोणी येणार नाही. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने साडेसातशे किलोमीटरच्या पुढे. तरीही हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकून चार पैसे हाती आलेला किंवा बजाज चौकात दुकान चालवणारा माणूस आज मोबाइलवरून समुद्रातल्या तेलक्षेत्राचा भागीदार होऊ शकतो, आणि होतोही आहे. त्याच्यापर्यंत टिप पोहोचते ती साधारण अशी: कंपनी लहान आहे, शेअर स्वस्त आहे, तेल शोधायची भानगडच नाही, सरकारी कंपनीने ते आधीच शोधून ठेवले आहे, आता काढायचे तेवढे राहिले. टिप देणारा खोटे बोलत असतो असे नाही. तेल खरोखरच सापडलेले असते. हिशेब चुकतो तो त्यानंतर.

या व्यवहारामागे सरकारचे एक धोरण आहे. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांनी गेल्या काही दशकांत शोधलेले, पण उत्पादनाला न आणलेले छोटे साठे खासगी कंपन्यांना द्यायचे, असे केंद्राने २०१५ मध्ये ठरवले. मे २०१६ मध्ये पहिली बोली निघाली तेव्हा ४६ क्षेत्रांत विभागलेले ६७ साठे मांडले गेले. त्यांतली २६ क्षेत्रे जमिनीवर, १८ उथळ समुद्रात आणि दोन खोल समुद्रात होती. मार्च २०१७ मध्ये करारांवर सह्या झाल्या. अटी मुद्दाम सैल ठेवल्या होत्या: तेलावर उपकर नाही, गॅसचा भाव ठरवायला आणि गिऱ्हाईक निवडायला मोकळीक, आणि या धंद्याचा पूर्वानुभव असलाच पाहिजे असेही नाही. शेवटची अट वाचून भुवया उंचावतात. पण मोठ्या कंपन्यांना या साठ्यांत रस नव्हता, तेव्हा दार सताड उघडण्याखेरीज सरकारपुढे फारसा मार्गही नव्हता.

मोठ्यांना रस का नव्हता, हा या सगळ्यातला पहिला प्रश्न. तो भागधारकाने विचारायचा असतो आणि सहसा विचारलाच जात नाही. ‘सागर सम्राट’ या तेलविहिरी खोदणाऱ्या जहाजाने फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये बॉम्बे हायचे उत्पादन सुरूही झाले. दोन वर्षे आणि तीन महिने! साठा एवढा अवाढव्य होता की फलाट, वाहिन्या, जहाजे यांचा खर्च त्यात विरघळून गेला. त्याच्या आसपास पुढे जे लहानसहान साठे सापडले, त्यांना तेवढाच खोल समुद्र, तोच पावसाळा आणि तसलीच यंत्रसामग्री. तेल मात्र कितीतरी कमी. ओएनजीसीने खर्चाचा हिशेब मांडला आणि फाइल बाजूला ठेवली. याचा अर्थ ती फाइल कायमची निकामी असा होत नाही. तेलाचा भाव चढला, शेजारून एखादी वाहिनी गेली किंवा स्वस्तात उत्पादन घेण्याची नवी पद्धत आली, तर कालचे न परवडणारे क्षेत्र आज परवडू शकते. तेव्हा कंपनीने भागधारकाला सांगायचे ते हेच, की ओएनजीसीने फाइल ठेवली तेव्हापासून आजवर नेमके काय बदलले. सादरीकरणाच्या रंगीत पानांत साठ्याचा आकडा ठळक असतो. हे उत्तर शोधावे लागते.

आर्वी किंवा कारंजा भागातल्या शेतकऱ्याला हा प्रकार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीला पाणी लागले म्हणून गावात पेढे वाटले जातात. मग सुरुंगाचे पैसे, बांधकाम, मोटरपंप, पाइप आणि वीजजोडणीसाठी महावितरणच्या कार्यालयातल्या खेपा. जोडणी मिळेपर्यंत दोन हंगाम कोरडे जातात, आणि उन्हाळ्यात पंप तासाभरात पाणी उपसून मोकळा होतो. सावकाराचे व्याज मात्र पाणी लागल्याच्या दिवसापासून नाही, कर्ज काढल्याच्या दिवसापासून चालू झालेले असते.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. हिंदुस्थान ऑइल एक्स्प्लोरेशन कंपनी, म्हणजे बाजाराच्या भाषेत ‘होएक’, १९८३ मध्ये एच. टी. पारेख यांच्या पुढाकाराने निघाली. गृहकर्ज देणारी एचडीएफसी उभी करणारे हेच पारेख. तेल शोधणाऱ्या देशातल्या खासगी कंपन्यांत होएकचा मान पहिला. २०१६ च्या बोलीत अद्भुत इस्टेट्स या कंपनीच्या भागीदारीत होएकला मुंबईच्या समुद्रातले बी-८० हे क्षेत्र मिळाले. शोध ओएनजीसीचा. ओएनजीसीच्या पद्धतीने कायमचा मोठा फलाट ठोकला तर हे क्षेत्र कधीच परवडले नसते, म्हणून आखणी वेगळी केली गेली. विहिरी दोनच, डी-१ आणि डी-२. त्यांच्यावर काम संपले की दुसरीकडे हलवता येईल असे उत्पादन युनिट. त्यात तेल, गॅस आणि पाणी वेगळे करायचे. गॅस ओएनजीसीच्या जाळ्यातून किनाऱ्याला पाठवायचा. तेल साठवायला ‘प्रेम प्राइड’ हे जुने टँकर जहाज शेजारी नांगरून ठेवायचे. ते पुरेसे भरले की दुसरे जहाज येऊन माल उचलणार. कल्पना चांगली आहे. छोट्या कंपनीने छोट्या साठ्याकडे असेच पाहायला हवे, आणि ‘काय बदलले’ या प्रश्नाला हे सरळ उत्तर आहे.

पण मार्च २०१७ मध्ये सही झालेल्या कराराचे तेल बाहेर आले २०२२ मध्ये. मधल्या काळात कोरोना आला हे खरे. त्याखेरीज अरबी समुद्राचे स्वतःचे एक वेळापत्रक असते आणि ते कोणासाठी बदलत नाही. जून ते सप्टेंबर या काळात समुद्रात वाहिन्या टाकणे, जड यंत्रे उतरवणे, जहाज नांगरणे ही कामे जवळपास थांबतात. एखादे यंत्र मे महिन्यात येण्याऐवजी जूनच्या मध्याला आले, तर उशीर तीन आठवड्यांचा राहत नाही. तो पुढच्या हंगामाचा होतो. आणि पावसाळ्याआधीचा मे महिनाही भरवशाचा नसतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडून साठाहून अधिक कामगार गेले. ओएनजीसीच्या कामावर असलेल्या लोकांचा तो तराफा होता. तेलाच्या शेअरचा भाव पाहताना या माणसांचीही आठवण ठेवायला हरकत नाही.

पाच वर्षांच्या उशिराची किंमत काढायला सनदी लेखापाल लागत नाही. वर्षाला बारा टक्के परतावा अपेक्षित धरला, तर पाच वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांची आजची किंमत भरते सुमारे सत्तावन्न रुपये. म्हणजे तेलाचा एक थेंबही कमी न होता निव्वळ उशिरापायी साठ्याचे मोल त्रेचाळीस टक्क्यांनी उतरले. वार्षिक अहवालात साठ्याचा आकडा त्या काळात जागचा हललेला नसतो.

दुसरी गोष्ट साठ्याच्या आकड्याची. जमिनीखाली असलेले तेल आणि बाहेर येणारे तेल यांत मोठे अंतर असते; चांगल्या क्षेत्रातूनही साधारण तिसरा हिस्सा निघाला तर पुष्कळ. त्यातही खडकाचा स्वभाव ऐन वेळी कळतो. याचा चटका होएकनेच खाल्लेला आहे. कावेरी खोऱ्यात, पुदुच्चेरीजवळच्या समुद्रातले पीवाय-१ हे क्षेत्रही आधीच सापडलेले, आणि त्याचाही शोध ओएनजीसीचा. होएकने तिथे फलाट उभा केला, वाहिनी टाकली आणि नोव्हेंबर २००९ मध्ये गॅस सुरू झाला. गॅस होता तो ग्रॅनाइटच्या भेगांमध्ये. भेगा एकमेकींना किती जोडलेल्या आहेत आणि त्यांच्यामागे किती माल आहे, हे अशा खडकात विहीर वाहू लागल्यावरच समजते. उत्पादन अंदाजाच्या कितीतरी खाली घसरले, घातलेल्या पैशाचा मोठा भाग कंपनीला हिशेबातून काढून टाकावा लागला, आणि होएकमध्ये सर्वांत मोठा हिस्सा बाळगणारी इटलीची एनी काही वर्षांत बाहेर पडली. एनी जगातल्या नावाजलेल्या तेल कंपन्यांपैकी एक आहे. तिच्या भूशास्त्रज्ञांनाही त्या भेगा आधी दिसल्या नव्हत्या, मग मोबाइलवर टिप पाठवणाऱ्याला त्या कुठून दिसणार? मोठ्या कंपनीचे असे एक क्षेत्र बसले तर दुसरी दहा चालू असतात. लहान कंपनीची तीच अर्धी दौलत असते.

आणि कधी कधी खडक, समुद्र, भाव सगळे अनुकूल असूनही कागद आड येतो. रत्ना आणि आर-सिरीज ही मुंबईच्या नैर्ऋत्येची क्षेत्रे त्याचा कळस म्हणावीत. ओएनजीसीने शोधलेली ही क्षेत्रे १९९६ मध्ये एस्सार ऑइल आणि ब्रिटनची प्रीमियर ऑइल यांच्या गटाला द्यायचे ठरले. ठरले एवढेच. करारावर सही झालीच नाही. रॉयल्टी आणि उपकर किती, तो कोणी भरायचा, यावर कागद या मंत्रालयातून त्या मंत्रालयात फिरत राहिले. सरकारे बदलली. जुलै २००८ मध्ये तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले, २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरच्या खाली आले. या वीस वर्षांत रत्नातून त्या कंपन्यांच्या हाती एक पिंपही लागले नाही. शेवटी मार्च २०१६ मध्ये मंत्रिमंडळाने ते जुने वाटप रद्द करून क्षेत्र ओएनजीसीला परत दिले. या प्रकरणात कोणाचे किती चुकले हा वेगळा वाद. पण ‘क्षेत्र मिळाले’ या बातमीवर शेअर घेणाऱ्याने ही कथा एकदा तरी वाचावी.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे स्फुट निव्वळ घाबरवण्यासाठी लिहिल्यासारखे होईल. १९९४ मध्ये आंध्रच्या किनाऱ्याजवळचे रव्वा क्षेत्र खासगी गटाकडे गेले. तेही ओएनजीसीने शोधलेलेच. त्यात चाळीस टक्के ओएनजीसीकडे राहिले आणि पंचवीस टक्के आपल्या मराठवाड्यातून वाढलेल्या व्हिडिओकॉनकडे आले. चालवण्याचे काम पुढे केर्नकडे गेले. रव्वाने सुरुवातीच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक तेल दिले. सापडलेल्या क्षेत्रात पैसे लावावेत तर असे. पण व्हिडिओकॉनच्या भागधारकाचे काय झाले? क्षेत्र तेल देत राहिले, मोझांबिकमधल्या गॅसक्षेत्रातला हिस्सा विकून या समूहाला अडीच अब्ज डॉलरच्या आसपास रक्कमही मिळाली, आणि तरीही २०१८ मध्ये कंपनी कर्जापायी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात जाऊन पोहोचली. तेलक्षेत्र उत्तम आणि कंपनी बुडीत, असे होऊ शकते. भागधारक क्षेत्राचा मालक नसतो. सगळी देणी फिटल्यावर जे उरते त्याचा तो वाटेकरी असतो.

एन्रॉनचे असेच, पण उलट. महाराष्ट्राला एन्रॉन म्हटले की दाभोळ आठवते. मुंबईजवळच्या समुद्रातल्या पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या सापडलेल्या क्षेत्रांतही त्याच एन्रॉनचे तीस टक्के होते, ओएनजीसी आणि रिलायन्सबरोबर. दाभोळ कोर्टकचेऱ्यांत आणि राजकारणात अडकले. समुद्रातला हिस्सा मात्र, एन्रॉन कोसळल्यावरही, २००२ मध्ये ब्रिटिश गॅसने सुमारे पस्तीस कोटी डॉलर मोजून घेतला. एकाच कंपनीच्या दोन धंद्यांत एवढा फरक पडला, कारण समुद्रातल्या मालाला गिऱ्हाईक होते आणि तो बाजारभावाने विकला जात होता. दाभोळची वीज त्या दराने कोणाला नको होती.

पन्ना-मुक्ताच्या काळातले करार आणि आजचे करार यांतला फरक या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. तेव्हा कंपनीने आधी आपला खर्च वसूल करायचा आणि मग नफ्यात सरकारचा वाटा, अशी रीत होती. त्यातून खर्च फुगवल्याचे आरोप झाले, लवाद बसले आणि पन्ना-मुक्ताचे भांडण तर २०१० पासून परदेशी लवादापुढे वर्षानुवर्षे चालले. नव्या धोरणाने ही कटकट मिटवली: सरकारचा वाटा थेट महसुलातून. कारकुनी दृष्टीने हे स्वच्छ आहे. पण त्यामुळे खर्च वाढला तर तो सगळा कंपनीच्या अंगावर. बोली लावताना उत्साहाच्या भरात सरकारला जास्त वाटा देऊ केला असेल, तर कंपनी तोट्यात असतानाही तो द्यावाच लागतो. म्हणून बोली जिंकल्याची बातमी आली की कंपनीने सरकारला किती टक्के कबूल केले, हे आधी पाहावे. सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला क्षेत्र मिळते. ते परवडेलच याची हमी त्यात नसते.

कराचेही तसेच. १ जुलै २०२२ रोजी केंद्राने देशी तेलावर टनामागे २३,२५० रुपयांचा विशेष कर लावला. आधीच्या वर्षी वीस लाख पिंपांहून कमी तेल काढणाऱ्या लहान उत्पादकांना त्यातून वगळले, हे शहाणपणाचे झाले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये तो करही गेला. दुसरीकडे, कच्चे तेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे रिग, जहाज, पाणबुडे यांच्या बिलांवर भरलेल्या कराची वजावट कंपनीला मिळत नाही, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या सेवांवरचा दर बारावरून अठरा टक्क्यांवर गेला. सैल अटींचे धोरण एका मंत्रालयाने आखायचे आणि दुसऱ्याने मागच्या दाराने सहा टक्के काढून घ्यायचे, ही आपली जुनी खोड. रिलायन्सला असा फरक सोसतो. दोन विहिरींच्या कंपनीचे कंबरडे त्याने मोडू शकते.

आमचे मत असे की धोरण मूलतः योग्य आहे. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो, आणि सापडलेले साठे चाळीस-चाळीस वर्षे कागदावर ठेवणे परवडणारे नाही. पण पहिल्या फेरीतल्या करारांपैकी प्रत्यक्ष उत्पादनापर्यंत मोजकेच पोहोचले, हेही तेवढेच खरे. अनुभवाची अट काढून टाकली तर तिच्या जागी काहीतरी हवे होते: टप्प्याटप्प्याची मुदत, ती चुकली तर क्षेत्र वेळेत परत, आणि कोणते क्षेत्र कुठवर आले याची दर तिमाहीला जाहीर, साध्या भाषेतली माहिती. हायड्रोकार्बन महासंचालनालयाकडे ही माहिती येतेच. ती एका पानावर मांडली तर टिपांचा अर्धा धंदा बसेल.

काम संपल्यावरचा खर्चही विसरू नये. ताप्तीचे फलाट उत्पादन संपल्यावर समुद्रातून काढावे लागले. देशातले अशा प्रकारचे ते पहिलेच काम होते. विहिरी बुजवणे, लोखंड उचलणे यांसाठी पैसा आधीपासून बाजूला काढावा लागतो, आणि लहान क्षेत्राचे आयुष्य लहान असल्याने तो दिवस लवकर येतो.

वर्धेकरांना अर्धवट प्रकल्पाचे चटके नवे नाहीत. मांडव्याचा लँकोचा १३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प पालक कंपनी दिवाळखोरीत गेल्यावर कसा अडकला, हे जिल्ह्याने पाहिले आहे. तिथे जमीन होती, परवानग्या होत्या, यंत्रेही आली होती. शेवटच्या टप्प्यासाठी लागणारा पैसा नव्हता.

तेव्हा ज्यांनी असे शेअर घेतलेच आहेत, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. कोरोनापासून बहुतेक कंपन्यांच्या वार्षिक सभा ऑनलाइन होतात. सभेत बोलायचे असेल तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत ईमेलने नाव नोंदवावे लागते, आणि दहा शेअरवाल्यालाही तो हक्क आहे. पुलगावात घरी बसून विचारता येतील असे प्रश्न फार नाहीत. विहीरवार रोजचे उत्पादन किती, आणि त्यात पाण्याचे प्रमाण वर्षभरात किती वाढले? एक विहीर बंद पडली तर कर्जाचा हप्ता कशातून भरणार? पुढची विहीर खणायला पैसा कुठून येणार: कर्जातून, नव्या शेअरमधून की तेलाच्या उत्पन्नातून? नव्या शेअरमधून येणार असेल तर आमचा वाटा किती पातळ होईल? अध्यक्ष एखाद्या प्रश्नाला ‘नंतर कळवू’ म्हणाले, तर त्याच दिवशी तो प्रश्न कंपनी सचिवांना लेखी पाठवावा आणि पोच मागून घ्यावी.